वर्षभराची व्याख्यानमाला: आधी विषय ठरवा, मग वक्ता

वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याला एक, अशी वर्षभर व्याख्यानं ठेवायची आहेत आणि नामवंत वक्ते कसे मिळवायचे, असं तुम्ही विचारलंय. आमच्या गावातली माला बरीच वर्षं सांभाळतोय, त्यावरून लिहितो.

वक्ते मिळतात. तीन-चार महिने आधी पत्र पाठवा. प्रवास, मुक्काम आणि मानधनाचा आकडा त्यातच स्पष्ट लिहा. खरी मेहनत विषयावर घ्यायची असते. 'आमच्याकडे या, कशावरही बोला' असं कळवलं तर गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात झालेलंच भाषण तुमच्याकडे होतं. 'आमच्या भागात द्राक्षबागा वाढल्या आणि विहिरी आटत चालल्या, तुम्ही भूजलावर बोलाल का?' असं विचारलं, तर अभ्यासू माणूस नवी तयारी करून येतो. म्हणून बारा विषय आधी कागदावर मांडा, नावं त्यानंतर.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही उन्हाळ्यात भरते. पण तुमच्यासाठी मला दुसरं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेत संस्थापक दिनाला दरवर्षी एका जाणकाराचं व्याख्यान होई. 1939 साली संचालक धनंजयराव गाडगीळांनी डॉ. आंबेडकरांना बोलावलं. ब्रिटिशांनी केलेल्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातली, प्रांत आणि संस्थानं एकत्र आणणारी संघराज्याची योजना तेव्हा ऐरणीवर होती आणि बाबासाहेबांनी तोच विषय घेतला. 29 जानेवारीला गोखले हॉलमध्ये ते दोन तास बोलले. एरवी अशा भाषणाला तासभर मिळायचा. तरीही संघराज्याच्या रचनेचा सगळा भाग आणि टीकेचाही काही भाग त्यांना गाळावा लागला. पुढे पुस्तिका निघाली तेव्हा संपूर्ण भाषण त्यांनी त्यात दिलं. म्हणजे त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांना जे ऐकायला मिळालं नाही, तेही आज आपण वाचू शकतो. हे वाचल्यापासून आमच्याकडे प्रत्येक व्याख्यान छापून ठेवायचा आग्रह मी धरला. तुम्हीही धरा, अगदी साधी सोळा पानी पुस्तिका निघाली तरी चालेल.

तारखांचं थोडक्यात: परीक्षांचा महिना, गणपती आणि लग्नाच्या दाट तिथी टाळा. वार आणि वेळ वर्षभर एकच ठेवा, लोकांना सवय लागते.

कार्यक्रम मात्र घट्ट बांधा. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, पाच जणांचे सत्कार, मग प्रास्ताविक, मग पानभर परिचय, असं झालं की वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेतले लोक शेवटची एसटी गाठायला निघालेले असतात. परिचय दोन मिनिटांत संपवा, सत्कार एकच, तोही पुस्तक देऊन. वाचलेला वेळ प्रश्नोत्तरांना द्या. प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले की संकोची माणसंही विचारतात. आमच्याकडे बायकांचे आणि शाळकरी मुलांचे प्रश्न चिठ्ठ्यांमुळेच यायला लागले.

आणि भाषण ध्वनिमुद्रित करून छापण्याची परवानगी निमंत्रणाच्या पत्रातच मागा. नंतर मागितली तर मजकूर तपासून परत यायला महिनोन्महिने जातात.