आधी पाय, मग चित्र

अनेक आशीर्वाद.

नृत्यसंगीतातून मुलांना मोठ्या चित्रकारांची ओळख करून द्यायचं तू ठरवलं आहेस, तर पहिल्या तासापासून एक पथ्य पाळ: चित्र झाकून ठेव. आधी संगीत, मग पाय, मग चित्र आणि चित्रकाराचं नाव सगळ्यांत शेवटी. चित्र आधी दाखवलं की मुलं त्यातल्या आकारांची नक्कल करत बसतात. ठेका कानावर पडतो, अंगात उतरत नाही.

एका तासाला एकच चित्रकार घे. सुरुवात पीट मोंद्रियानपासून कर. त्याच्या ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ (१९४२-४३) या चित्रात माणूसच नाही, त्यामुळे नक्कल करायला काही उरत नाही. तो १९४० साली, वयाच्या ६८व्या वर्षी न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या बूगी-वूगीच्या प्रेमात पडला. या संगीतात पियानोवरचा डावा हात चार मात्रांत आठ ठोके न थकता देत राहतो आणि उजवा हात त्यावर मनसोक्त बागडतो. वर्गाचे दोन गट कर. एक गट मांडीवर आठ ठोके धरेल, दुसरा वाटेल तिथे टाळी देईल. दोन मिनिटांनी गट बदल. टाळीवाले हटकून वेग वाढवतात, म्हणून तू स्वतः मांडीवाल्यांसोबत बस.

मग जमिनीवर पिवळ्या कागदी चिकटपट्टीने तीन मीटर लांबी-रुंदीचा चौरस आख. आत चार आडव्या, चार उभ्या रेषा. अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेव; सारखी ठेवलीस तर बुद्धिबळाचा पट होतो आणि चाल कंटाळवाणी होते. काही छेदांवर दहा सेंटिमीटरचे लाल आणि निळे पुठ्ठे लाव. त्यांच्या चारही कडा चिकटव, नाहीतर पाय घसरतो. मोजे काढायलाच लाव. नियम असे: रेषेवरूनच चालायचं, दोन ठोक्यांना एक पाऊल, लालवर टाळी, निळ्यावर दोन पावलांएवढं थांबणं, मग काटकोनात वळणं. एका वेळी सहाच मुलं. आठ झाली की टक्कर ठरलेली. मिनिटाला साधारण १२० पावलं पडतील अशीच धून निवड, १६०ला लहान मुलं चालणं सोडून पळतात.

आता चित्र उघड. सव्वा मीटरचा चौरस, पिवळ्या रेषा, त्यांवर लाल, निळे, राखाडी तुकडे. ‘हे काय आहे?’ असं विचारू नकोस, ‘टाळी कुठे वाजते?’ असं विचार. मुलं थेट बोट ठेवतात. मग त्यांना रंगीत पट्ट्या दे, ब्रश नको. मोंद्रियानही रंगीत चिकटपट्ट्या कॅनव्हासवर सरकवत रेषांची जागा ठरवायचा. १९४४ साली तो गेला तेव्हा ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ अपुरं होतं आणि त्यावर पट्ट्यांचे तुकडे तसेच होते. पट्टी उचलून पुन्हा लावता येते, म्हणून चुकायची भीती जाते. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

दुसरा तास आंरी मातीसचा. त्याच्या ‘नृत्य’ या १९१०च्या चित्रात पाच जण फेर धरतात आणि पुढच्या दोघांचे हात सुटलेले आहेत. पाच-पाच मुलांचा फेर कर, फेराच्या नाचाची धून लाव, आठ पावलांनी दिशा बदल, म्हणजे चक्कर येत नाही. मनगट धरू देऊ नकोस, खांदा ओढला जातो. बोटं बोटांत सैल अडकवू दे. मध्येच एका जोडीचे हात सोडव आणि फेर न थांबवता पुन्हा पकडायला सांग. नंतर चित्र दाखवलं की सुटलेली जागा मुलंच शोधतात.

तिसरा चित्रकार एदगार दगा. त्याला वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाची धून, पुरे: पहिली मात्रा जड, पुढच्या दोन हलक्या. संगीत अचानक बंद कर आणि दमलेल्या अंगाने जसं असाल तसं थांबायला सांग. त्याच्या चित्रांतल्या नर्तकी पुष्कळदा नाचत नसतातच. बुटाची फीत बांधतात, पाठ खाजवतात, वाट बघतात. त्या थांबलेल्या देहाचं रेखाटन मुलांनी एकमेकांकडे बघून तीस सेकंदांत करायचं, खोडरबर न वापरता.

पुढच्या आठवड्यात तास सुरू होताना मागची धून अर्धा मिनिट लाव, काही न बोलता. कोणाचं नाव आठवतंय ते ऐक. नाव नाही आलं, पण पायांनी काटकोनात वळण घेतलं, तर पुढच्या चित्रकाराकडे जायला हरकत नाही.