आई ज्यू, वडील हिंदू आणि तुमचा देवावर विश्वास नाही, मग तुम्ही ज्यू कसे?

प्रश्न बरोबर आहे, मलाही हे बरेच जण विचारतात. आई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडची, ज्यांना पूर्वी शनिवार तेली म्हणायचे त्यांच्यातली, म्हणजे तेल गाळायचे पण शनिवार ज्यूंचा सुटीचा वार, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. बाबा सातारचे, हिंदू. लग्न रजिस्टर केलं, आणि माझी सुंता झाली तेव्हा सातारची आजी दोन महिने आमच्याशी बोलली नव्हती. दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी असलेली छोटी डबी) आहे, वर आंब्याचं तोरण, आणि मी तर कॉलेजात असल्यापासून देवबिव काही मानत नाही.

पण सण सुटत नाहीत हो. 2021 ला 7 सप्टेंबरला रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, आणि 10 ला गणपती, म्हणजे त्याच आठवड्यात आई गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून हलवा ढवळत होती (हात मोडतो अक्षरशः, मी पण ढवळलाय) आणि तो संपायच्या आत काकूकडून मोदक आले. घरात कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. ज्यूंना मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्श्यात दही नाही, नारळाचं दूध, ही सवय बाबांनाही लागली.

खरी गंमत पुढे आहे. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, आणि आता बरेच जण इस्राएलला गेल्यामुळे आमच्याकडे कधीकधी नऊच भरतात. मग मला फोन, ये रे, दहावा कमी आहे, कद्दिश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) म्हणायचाय. मी जातो, किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, घालून उभा राहतो, हिब्रू अर्धवट वाचतो. देव मानतोस का हे आजवर एकानेही विचारलं नाही, कारण धर्माच्या नियमाने आई ज्यू म्हणजे मी ज्यू, विषय संपला.

आणि माझा मामेभाऊ, मामा ज्यू पण मामी हिंदू, तो मनापासून मानतो, योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास पाण्याशिवाय करतो, मलिद्याला, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य ठेवून करतात त्या विधीत, एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेताना त्याचे डोळे भरतात. इस्राएलचा कायदा 1970 पासून ज्यूंच्या मुलानातवंडांनाही घेतो, म्हणजे तो उद्या तिकडे जाऊन नागरिक होईल, पण सिनेगॉगमध्ये त्याला दहात मोजत नाहीत, धर्मांतर केलं तरच. त्याला ते टोचतं. परवा तिथे नऊच भरले होते, तो त्यांच्या शेजारीच उभा होता, तरी दहावा म्हणून फोन मलाच आला.