अल्सर पुन्हा होऊ नये म्हणून ज्येष्ठमध, दूध किंवा कोबीचा रस घ्यावा का?

आपल्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी जठरात अल्सर झाला होता आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून ज्येष्ठमध, थंड दूध व कोबीचा रस यांपैकी काय सुरू करावे, असे आपण विचारले आहे. मी फार्मासिस्ट आहे. औषधांच्या दुकानात बसून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम कारणांविषयी. बहुतेक अल्सरांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. हा जिवाणू ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधापूर्वी मुख्यतः तिखट आणि मानसिक ताण यांवर ठपका ठेवला जात असे. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण व्रण तिखटामुळे पडत नाही.

आता ज्येष्ठमध. हा उपाय पोकळ नाही. ज्येष्ठमधातील घटकापासून तयार केलेले कार्बेनॉक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये जठराच्या अल्सरवर दिले जात होते आणि त्याने व्रण भरूनही येत. मात्र त्याने अंगावर सूज येई, रक्तदाब चढे आणि रक्तातील पोटॅशियम उतरे, म्हणून अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. घरातल्या ज्येष्ठमधाच्या चूर्णातही तोच मूळ घटक असल्याने हाच दोष असतो. वडिलांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर ते रोज देऊ नये.

थंड दुधाने घटकाभर बरे वाटते हे खरे आहे. परंतु दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा अधिक आम्ल स्रवायला लावतात. कपभर दूध आवडीने प्यायला हरकत नाही, रात्री-अपरात्री औषध म्हणून मात्र पिऊ नये. कोबीच्या रसाची कीर्ती १९४९ मधील एका अमेरिकन डॉक्टरांच्या लेखामुळे पसरली. त्यात रुग्ण होते केवळ १३ आणि त्यांना दिवसाला सुमारे एक लिटर रस प्यावा लागे, त्यामुळे त्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. भाजी म्हणून कोबी खुशाल खावा.

खरे रक्षण गोळ्यांच्या बाबतीत सावध राहण्यात आहे, आणि हे मी घरात पाहिले आहे. माझी मावशी गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी बटव्यात ठेवत असे आणि पहाटे कोऱ्या चहाबरोबर एक घेत असे. पोट कधीच दुखले नाही. तीन दिवस डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली, ती तिने बीट खाल्ल्यामुळे असेल असे समजून कोणाला सांगितली नाही, आणि चौथ्या दिवशी देवघरासमोर चक्कर येऊन पडली. रक्तस्राव जठरातून होत होता. या गोळ्या जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयारच होऊ देत नाहीत. त्यामुळे जेवणानंतर घेतल्या तरी धोका पुरता टळत नाही. आपल्या वडिलांना वेदनाशामक लागत असेल, तर पॅरासिटामॉल चालेल का, अथवा सोबत आम्ल कमी करणारी गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारावे. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये. विडी-सिगारेट असेल तर ती सोडावी, कारण धूम्रपानाने व्रण भरण्यास वेळ लागतो.

एक गोष्ट आपल्या प्रश्नात आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी जिवाणूची तपासणी झाली होती का, आणि प्रतिजैविके दिली असल्यास तो गेल्याची खात्री नंतर करून घेतली होती का? ती श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने होते. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही निष्कर्ष नकारार्थी येऊ शकतो. ती झाली नसेल, तर ज्येष्ठमध आणण्याआधी ती करून घ्यावी.