रिटायर होऊन कोकणात गावी राहणार, सीजीएचएस कार्ड घेऊ की महिन्याचे हजार रुपये?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर होताय, मुंबईचं क्वार्टर सोडून लांज्याजवळ गावी कायमचे जाणार, आणि ऑफिसातले सगळे म्हणतायत की गावी सीजीएचएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा, दवाखानाच नाही तर कार्डाचे पैसे कशाला भरतोस, पेन्शनसोबत मिळणारा मेडिकल अलाउन्स घे आणि मोकळा हो. शेवटी आयुष्मान कार्डाचंही विचारलंय. हे "ऑफिसातले सगळे" म्हणजे कोण ते मला चांगलं माहितीये. तसला एक आमच्या नात्यातच आहे. आमचे साडू.

आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे घाईत असाल तर जायला मोकळे. दोन्ही घ्या, कार्ड पण आणि अलाउन्स पण. सीजीएचएस नसलेल्या भागात राहणाऱ्या केंद्राच्या पेन्शनरला तीन मार्ग आहेत. एक, नुसता अलाउन्स, कार्ड नाही. दोन, कार्डावर सगळं, ओपीडी (ॲडमिट न होता डॉक्टर आणि औषधं) पण आणि ॲडमिट होणं पण, मग अलाउन्स नाही. आणि तिसरा, जो कोणी सांगत नाही, ॲडमिट व्हायला कार्ड आणि ओपीडीसाठी महिन्याचे १००० रुपये. गावी राहणाऱ्याने तिसरा सोडून दुसरा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्याचं वेगळं मत आहे त्याने आपली हॉस्पिटलची बिलं दाखवावीत.

आता साडू. अण्णा म्हणू त्यांना. तेही केंद्राचेच, दुसऱ्या खात्यातले, माझ्याआधी सुटले आणि नुसता अलाउन्स घेऊन रत्नागिरीत येऊन बसले. मी कस्टममधला, शेवटी एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, पगाराची लेव्हल ६. माझी रिटायरमेंट जवळ आली त्या गणपतीत आमच्या पडवीत पत्त्यांचा डाव रंगलेला आणि मी बोलता बोलता म्हटलं की मी कार्डाचे दहा वर्षांचे पैसे एकदम भरणार, म्हणजे आयुष्यभराची कटकट मिटली. लेव्हल ६ ला महिना ४५०, दहा वर्षांचे ५४,०००. अण्णांनी हातातली पानं खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेल्या, ५४,००० ची एफडी टाक, व्याज खा, वर सरकारचे हजार घे. छातीत दुखायला लागलं की काय मांडवी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जाणारेस?" सगळे हसले. आमची ही पण हसली. मी काय बोललो नाही, डाव पण हरलो, पण पैसे भरले. तेव्हा भारतकोश या सरकारी पैसे भरायच्या साइटवरून भरायचे असायचे, आता २०२५ पासून सीजीएचएसच्याच पोर्टलवरून भरायचे असतात, एवढाच फरक.

दर सांगून ठेवतो, तुमची लेव्हल तुम्ही लिहिली नाहीये म्हणून. लेव्हल १ ते ५ महिना २५०, ६ ला ४५०, ७ ते ११ ला ६५०, १२ आणि त्याच्या वर १०००. गुणिले १२० केलं की आयुष्यभराचं कार्ड. वर्षावर्षाचे पण भरता येतात पण मग दर वर्षी लक्षात ठेवा, आणि आपण गेल्यावर बायकोने ते लक्षात ठेवायचं, त्यापेक्षा ग्रॅच्युइटीतून एकदाच उडवा. आपल्यामागे फॅमिली पेन्शनवर तिचंही कार्ड चालू राहतं, हा मुद्दा अण्णांच्या एफडीच्या हिशोबात कुठेच नव्हता. आणि हिशोबच करायचा तर अलाउन्सचे वर्षाला १२,००० होतात, म्हणजे माझे ५४,००० साडेचार वर्षांत अलाउन्समधूनच वसूल, कार्ड वर फुकट. अण्णांना हे त्या दिवशी सुचलं नाही कारण त्यांच्या डोक्यात एकतर हे नाहीतर ते असंच बसलेलं, आणि पेन्शनच्या कागदांवर क्लार्कने विचारल्यावर त्यांनी एकाच ठिकाणी टिक केली.

तर पुढे काय झालं. श्रावणातली गोष्ट, आठवडाभर पाऊस थांबलेला नाही, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, ही तुळशीला पाणी घालायला म्हणून उतरली (एवढा पाऊस पडतोय तर तुळशीला पाणी कशाला हे मी आजही विचारलेलं नाही) आणि तिसऱ्या पायरीवरून गेली ती कमरेवर. खुब्याचं हाड. सिव्हिलला एक्सरे काढला, बॉल बदलायला लागणार म्हणाले, पण हिच्या हृदयाच्या झडपेचं जुनं दुखणं आहे, भूल द्यायची तर मागे आयसीयू भक्कम पाहिजे, सरळ मुंबईला न्या. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी खिशात नाही, बनियनच्या आत ठेवला. हातखंब्यापासून ॲम्ब्युलन्समधे, संगमेश्वर, परशुराम घाट, मग माणगावला कोंडी, सायरन वाजवून पण कोणाला सरकायला जागाच नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला ही "आई गं". त्या हायवेबद्दल लिहायला बसलो तर उत्तर संपायचं नाही, जाऊ दे.

नवी मुंबईत सीजीएचएसच्या पॅनलवरचं, म्हणजे सीजीएचएसशी करार असलेलं, एक हॉस्पिटल आधीच बघून ठेवलं होतं. नाव देत नाही. पहाटे पोचलो तर काउंटरवरची मुलगी कार्ड उलटंपालटं करून म्हणते, "काका, सीजीएचएसचा बेड नाहीये, कॅशमधे ॲडमिट करा, नंतर क्लेम करा." डिपॉझिट दोन लाख. पुण्याहून मुलगा आलेला, त्याने क्रेडिट कार्ड काढलंसुद्धा. मी त्याचा हात धरला. तिला म्हटलं, बाई, पेन्शनरला इमर्जन्सीत क्रेडिटवर, पैसे न मागता, घ्यायचं असं तुमचं सरकारशी ॲग्रीमेंट आहे, बेड नसेल तर तसं लेटरहेडवर लिहून द्या, वेळ टाका, सही करा, शिक्का मारा, मी दुसरीकडे जातो आणि तो कागद सीजीएचएसच्या ॲडिशनल डायरेक्टरच्या ऑफिसला देतो. अहो, आयुष्यभर पंचनाम्यांवर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्यात मी, "लिहून द्या" म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. ती आत गेली, एक टाय घातलेला बाहेर आला, आणि बेड होता. होताच की!

ऑपरेशन झालं, आठवड्याने ही वॉकर घेऊन चालायला लागली. ॲम्ब्युलन्सचं भाडं खिशातून गेलं, बिलात न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचे थोडे पैसे घेतले, बाकी डिस्चार्ज पेपरवर सही करून बाहेर. मुलगा गाडीत बसेपर्यंत विचारत होता, "बाबा, खरंच काही भरायचं नाही?"

आता अण्णा काय म्हणतात माहितीये? "नशीब तुझं." नशीब! मी ५४,००० भरले, पॅनलची यादी प्रिंट काढून कपाटाला आतून चिकटवली, आणि म्हणे नशीब. त्यानंतर वर्ष झालं नसेल, यांच्या छातीत खरंच दुखायला लागलं. मुंबईला नाही, आंबा घाटाने कोल्हापूरला नेलं, ते बरोबरच केलं, तिथे दोन स्टेंट घातले. माणूस वाचला, चांगलं झालं, माझ्या मेव्हणीचा नवरा आहे शेवटी. पण बिल पूर्ण खिशातून. रिटायर झाल्यावर घेतलेली एक प्रायव्हेट पॉलिसी होती, तिने बीपी-शुगर आधीपासूनची, वेटिंग पिरियड संपलेला नाही म्हणून हात वर केले. आणि सरकारकडे जावं तर नोकरीत असताना जे मेडिकल रिइम्बर्समेंटचे नियम असतात ते पेन्शनरला लागू नाहीत, ते ऑफिसच्या शेवटच्या दिवशी संपतात. त्या सालचे आंब्याच्या कलमांचे सगळे पैसे हॉस्पिटलात गेले.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण "गावी दवाखाना नाही तर कार्डाचा उपयोग काय" याचं उत्तर यातच आहे. कार्ड असतं तर कोल्हापूरचं ते हॉस्पिटल पॅनलवर नसलं तरी इमर्जन्सी म्हणून सीजीएचएसच्या दराने पैसे परत मागता आले असते. पूर्ण बिल मिळत नाही, सीजीएचएसचा दर आणि हॉस्पिटलचा दर यात फरक असतो, पण शून्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. डिस्चार्जपासून सहा महिन्यांच्या आत क्लेम टाकायचा, इमर्जन्सी सर्टिफिकेट डॉक्टरकडून तिथल्या तिथे मागून घ्यायचं. आणि ऑफिसने पॅनल-पॅनल करून अडवलं तर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा शिवकांत झा यांचा निकाल आहे, पॅनलवर नसलेल्या हॉस्पिटलात गेला एवढ्यावरून पेन्शनरचा क्लेम नाकारता येत नाही असं कोर्टाने स्वच्छ सांगितलंय. तेही केंद्राचेच रिटायर्ड अधिकारी, स्वतः भांडले. त्याची कॉपी जवळ ठेवा.

अलाउन्सबद्दल उगाच आशा ठेवू नका. १९९७ ला १०० रुपये होता, मग ३००, मग ५००, आणि जुलै २०१७ पासून १००० वर अडकलाय. संघटना ३००० मागतायत, मिळतील तेव्हा मिळतील. आमच्या दोघांच्या गोळ्या जनऔषधीतून आणल्या तर त्यात कशाबशा बसतात, डॉक्टरची फी बसत नाही. तरी ओपीडी कार्डावर घेऊ नका, शुगरच्या गोळ्या आणायला मुंबईच्या वेलनेस सेंटरला (सीजीएचएसच्या दवाखान्याला) कोण जाणार. इथे अण्णांचं मांडवी एक्स्प्रेसचं बरोबर होतं, हे एक मान्य.

आयुष्मानचं विचारलंत. ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांचं कव्हर ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, वय वंदना कार्ड म्हणतात, खरं आहे. पण तुम्ही आत्ता ६० चे, मधली दहा वर्षं काय करणार? शिवाय सीजीएचएसवाल्याला दोन्हीतलं एकच निवडावं लागतं, दोन्ही नाही. अण्णा आता हेच धरून बसलेत, "सत्तरीला आयुष्मान आहेच." त्यांचे अजून काही वर्षं आहेत सत्तरीला आणि दोन स्टेंट आधीच आत आहेत. मी त्यांना सांगितलं की पर्याय आयुष्यात एकदा बदलता येतो, तुम्ही तो अजून वापरलेला नाही, आत्ता नुसत्या अलाउन्सवरून कार्ड अधिक अलाउन्सवर या, पोर्टलवर मी बसून भरून देतो. तर म्हणतात "बघू गणपतीनंतर." कुठल्या गणपतीनंतर ते सांगत नाहीत. अडचण पैशाची नाहीये, अडचण ही की त्या पडवीत सगळे हसले होते आणि आता ते फॉर्म भरायला माझ्याकडे येणार. मेव्हणीने यांना न विचारता केलं तर चालेल का असं मला परवा हळूच विचारलं. सही पेन्शनरचीच लागते, नाहीतर कधीच करून टाकलं असतं.

तुम्ही अजून मुंबईतच आहात तर गावी सामान हलवायच्या आधी कार्डाचं काम उरका. सर्व्हिसचं कार्ड सरेंडर केल्याचं सर्टिफिकेट ऑफिसातून घ्या. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात यायची वाट बघत बसू नका, शेवटच्या पगाराचं सर्टिफिकेट जोडून अर्ज टाकता येतो. पेन्शनच्या फॉर्ममधे मेडिकलचा पर्याय क्लार्कला भरू देऊ नका, स्वतः वाचून भरा, आणि ओपीडी घेत नाही असं सीजीएचएसकडून लिहून घ्यायला विसरू नका, नाहीतर अलाउन्स सुरूच होणार नाही. बायकोचं नाव, जन्मतारीख आधार आणि पेन्शन दोन्हीकडे सारखी आहे का बघा, आमच्याकडे लग्नाआधीचं-नंतरचं नाव यावरून बराच घोळ झाला.

बाकी हे सगळं केंद्रवाल्यांसाठी. फौजेतून आलेले असाल तर तुमची ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना वेगळी. लोटे एमआयडीसीतले कोणी वाचत असतील तर, ईएसआयमधे (कामगारांच्या राज्य विमा योजनेत) पाच वर्षं भरून रिटायर झाला असाल तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायकोला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना ठाऊकच नाही. राज्य सरकारच्या पेन्शनरांना वरचं काहीच लागू नाही, तुमचे नियम वेगळे. आणि तुमची मुलं मुंबईत असतील आणि वर्षातले सहा महिने तुम्ही तिकडेच राहणार असाल तर माझं तिसऱ्या पर्यायाचं म्हणणं बाजूला ठेवा, सरळ पूर्ण कार्ड घ्या, अलाउन्सचा नाद सोडा.