खाणं तेच, वजन तेच. मग कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड एकदम कसे वाढले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९. सहा महिन्यांपूर्वी एकूण कोलेस्टेरॉल १८५, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ४४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४०. आता तेच २४६, ४२ आणि ३१०. खाण्यात फरक नाही, वजन तेवढंच. लॅब चुकली का, आणि कोलेस्टेरॉलची गोळी लगेच सुरू करावी का? मधेच तुम्ही लिहिलंय, ‘घरात कुणाचा विश्वास बसत नाही, सगळे म्हणतात बाहेर काहीतरी खात असणार.’ त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलेय.

मी कराडला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, २२ वर्षं झाली. डॉक्टर नाही, डीएमएलटी आहे, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा. ऑक्टोबर २०१८ मध्ये मी माझ्या आईचं रक्त स्वतः काढलं, मशीनवर स्वतः लावलं, आणि जो आकडा आला त्यावरून आमच्या घरात जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

आई तेव्हा ६१ वर्षांची. कराडजवळच आमचं गाव आहे, ती तिथेच राहते. त्याच वर्षी जानेवारीत तिचं कोलेस्टेरॉल २०४ होतं, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १२४. ऑक्टोबरात २९१, एलडीएल २००. ट्रायग्लिसराइड १३८ वरून १८६, म्हणजे तेही वाढलं होतं, पण त्या मानाने थोडं. मी आधी कंट्रोल परत लावलं. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असं सीरम. रोज सकाळी पेशंटचा पहिला नमुना लावायच्या आधी ते लावतात, आणि ते मर्यादेत आलं नाही तर रिपोर्ट सोडत नाहीत. शिवाय वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजच्या लॅब-तपासणी योजनेत असलेल्या लॅबना दर महिन्याला अनोळखी नमुना लावून उत्तर कळवावं लागतं, त्यात मशीन कुठे सरकलं असेल तर उघडं पडतं. आमचं कंट्रोल जागेवर होतं. तरी दुसऱ्या दिवशी आईला परत बोलावलं, परत रक्त घेतलं. २८७.

सीरमही मी उजेडात धरून बघितलं होतं. रक्त गोठल्यावर सेंट्रिफ्यूजला फिरवलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं असलं की ते ताकासारखं गढूळ दिसतं, मशीनला लावायच्या आधीच समजतं. नुसतं कोलेस्टेरॉल वाढलं तर डोळ्याला काहीच दिसत नाही. आईचं सीरम नितळ होतं.

पुण्याला दादाला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य: "तुमच्या तिथलं मशीन आधी चेक करून घे." तेव्हा मला या कामात १५ वर्षं झाली होती.

दिवाळीला आई पुण्याला गेली. भाऊबीज झाल्यावर त्याने तिला मोठ्या लॅबमध्ये नेलं. २८३ आलं. माझं मशीन बरोबर होतं एवढं सांगायला त्याचा फोन आला नाही. फोन आला तो, "आईचं तूप बंद. तूच घरून कढवून पाठवतेस ना?" असं विचारायला.

तिथल्या डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन २० (स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू केली. दादाने तूप, शेंगदाणे, ओलं खोबरं बंद केलं. माझी आई भाकरीवर एक चमचा तूप घेणारी बाई. दोन महिने तिने कोरडी भाकरी आणि उकडल्यासारखी भाजी खाल्ली. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपलंच चुकलं. मला म्हणाली, "श्रावणात जरा जास्तच पुरणपोळ्या खाल्ल्या गं मी." श्रावणातल्या पुरणपोळ्यांनी एलडीएल ७६ ने वाढून ऑक्टोबरात बसत नाही. पण घरातली सगळी माणसं ताटाकडे बघायला लागली की खाणाऱ्याला प्रत्येक घास गुन्हा वाटतो. तुमचं वाक्य म्हणूनच मला लागलं.

संक्रांतीनंतर ती माझ्याकडे आली. जेवून उठताना आधी जमिनीला हात टेकला, मग गुडघ्याला, मग भिंत धरली. मांड्या दुखतात म्हणाली, भरलेली कळशी उचलवत नाही म्हणाली. त्या गोळीने काहींचे स्नायू दुखतात हे मला माहीत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी लॅबला नेऊन खुर्चीत बसवलं. दंडाला पट्टा बांधताना माझं नख तिच्या कातडीला लागलं आणि पांढरी रेघ उठली, पाटीवर खडूची उठावी तशी. पाटल्या मनगटात रुतलेल्या. संक्रांतीला कासाराने नेहमीच्या मापाच्या बांगड्या चढत नाहीत म्हणून मोठं माप काढलं होतं, ते ती सहज सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज घोगरा येत होता. तेव्हा मला आठवलं, ऑक्टोबरच्या उकाड्यातही ती स्वेटर घालून आली होती. सगळं माझ्या समोर होतं आणि मी आकडा बघत बसले होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, आमच्याकडे होत नव्हती, नमुना बाहेर पाठवला. उत्तर आलं ६१. साधारण ४ च्या आत असावं लागतं, एवढं वाढलं म्हणजे थायरॉइड मंदावलंय. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते, ११४०. आमच्याकडे बायकांची वरची मर्यादा १७० आहे.

थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल का वाढतं, ते सोपं आहे. रक्तातलं एलडीएल उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जागा असतात, आणि थायरॉइडच्या हार्मोनमुळे त्या पुरेशा तयार होतात. हार्मोन कमी झालं की जागा कमी झाल्या, एलडीएल रक्तातच फिरत राहिलं. तुम्ही तूप खा नाहीतर कोरडी भाकरी खा. आणि थायरॉइड असं पडलेलं असताना स्टॅटिन दिली तर स्नायूंना त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच एलडीएल एवढं वाढलेलं दिसलं की गोळी लिहायच्या आधी टीएसएच करावी असं सांगितलेलं आहे. कुणी केली नाही. मोठ्या लॅबच्या रिपोर्टवर लाल अक्षरात ‘हाय’ छापून आलं, आणि सगळे त्या लाल अक्षरावर बोलत राहिले.

कराडच्या फिजिशियननी स्टॅटिन थांबवली, थायरॉक्सिन २५ पासून सुरू करून हळूहळू वाढवली. फेब्रुवारीत त्यांनीच सांगितलं, भाकरीवर एक चमचा तूप घ्या, काही होत नाही. मे २०१९ मध्ये आईचं कोलेस्टेरॉल १९८, एलडीएल १२१. स्टॅटिन नाही, तूप चालू. दादा आजही म्हणतो, पुण्यात पथ्य पाळलं म्हणून उतरलं. दादा, तारखा बघ. पथ्य फेब्रुवारीत सुटलं, आकडे मे महिन्यातले आहेत.

असो. तुमच्या आकड्यांकडे येते, कारण तुमचं चित्र आईपेक्षा वेगळं आहे.

रिपोर्टवरचं एलडीएल बहुतेक ठिकाणी मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. १९७२ पासून चालत आलेलं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइड भागिले ५ वजा. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.) तुमचं आधीचं एलडीएल ११३ येतं, आताचं १४२. म्हणजे एकूण ६१ ने वाढलं त्यात एलडीएलचे २९, आणि ट्रायग्लिसराइडच्या वाट्याचे ३४ (एचडीएल २ ने उतरलंय). आईचं एलडीएल धावलं होतं, तुमचं ट्रायग्लिसराइड धावलंय आणि कोलेस्टेरॉलला सोबत ओढलंय. ‘कोलेस्टेरॉल वाढलं’ म्हणून अंड्यातला पिवळा बलक फेकून देत बसाल तर चुकीच्या दारात उभे राहाल. ट्रायग्लिसराइड साखर, मैदा, फळांचे रस, दारू आणि न सापडलेला मधुमेह यांच्याकडे बोट दाखवतं.

लॅब चुकली का? लॅबा चुकतात, पण १८५ चे २४६ हा बदल लॅबवर ढकलून मोकळं होण्याइतका लहान नाही. त्याच माणसाचं कोलेस्टेरॉल काही न करता पाच-सात टक्के इकडेतिकडे होतं. ट्रायग्लिसराइड वीस टक्के सहज हलतं. तुमचं दुपटीच्या वर गेलंय. मात्र नमुना कसा दिला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी रोज पाहते की घोटाळा तिथेच होतो. एका आषाढीला एक काका आले. "उपाशी आहात ना?" विचारलं, "हो, कडक उपास" म्हणाले. खोटं बोलत नव्हते. ट्रायग्लिसराइड २९८ आलं. नंतर कळलं, सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दुधाचा चहा झाला होता. चार दिवसांनी खरोखर रिकाम्या पोटी १९०. तेव्हापासून मी "उपाशी आहात का" विचारतच नाही. "रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काय गेलंय?" असं विचारते. आता बऱ्याच ठिकाणी न उपाशी राहताही लिपिड करतात, एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएलला फारसा फरक पडत नाही, पण ट्रायग्लिसराइडला पडतो. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर आणखी.

आणि आधीचा १८५ चा रिपोर्ट काढला तेव्हा तुम्ही आजारी होता का? डेंग्यू, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन, असं काही चालू असताना कोलेस्टेरॉल खाली जातं. बरं झाल्यावर ते मूळ जागी येतं आणि आपल्याला वाटतं एकदम वाढलं. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांचंही मधल्या काळात वाढलेलं दिसतं. लघवीतून प्रोटीन जाणं, मूत्रपिंडाचे आजार, यकृताला सूज, स्टेरॉइडच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, ब्लडप्रेशरची काही औषधं, ही सगळी मंडळी एकेक करून तपासायची असतात. ताटाकडे बोट दाखवायची पाळी त्यानंतर.

आता दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर माझ्या रागाचा तुम्ही चुकीचा अर्थ घ्याल. तूप, लोणी, खोबरेल जास्त खाल्लं तर एलडीएल वाढतं, हे खरं आहे. मी वाटीभर तुपाची वकिली करत नाही. आणि स्टॅटिन वाईट औषध नाही. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या घरात चाळिशीत माणसं गेलीत, त्यांनी माझं हे उत्तर वाचून गोळी बंद केली तर ते जिवावर बेतेल. आईची गोळी डॉक्टरांनी थांबवली, मी नाही. तुमची सुरू करायची की नाही, हेही डॉक्टरच ठरवतील, फक्त कारण शोधल्यावर ठरवायला सांगा.

तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी कंसात लिहिलंय, ‘औषध कुठलंच चालू नाही, फक्त तीन महिन्यांपासून मुरुमांची एक गोळी.’ ‘फक्त’ म्हणू नका. पाकिटावर आयसोट्रेटिनॉइन लिहिलंय का बघा. मुरुमांच्या सगळ्या गोळ्या तशा नसतात, पण ती असेल तर ती ट्रायग्लिसराइड चांगलंच वाढवू शकते, कोलेस्टेरॉलही थोडं चढतं, आणि बहुतेकांचं ते सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांतच दिसतं. गोळी संपली की उतरतं. म्हणूनच ती देताना मधेमधे लिपिड करायला सांगतात. मनानेच बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा. डोस कमी करायचा की थांबायचं ते सांगतील. ३१० ला रात्रीची झोप घालवण्याचं कारण नाही. ५०० च्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती धरतात, तोवर वेळ आहे.

दोन आठवड्यांनी त्याच लॅबला परत जा. आधी तीन दिवस दारू नको, रात्री आठला साधं जेवण, सकाळी आठला नमुना, मधे फक्त पाणी. लिपिडबरोबर टीएसएच, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि लघवीची तपासणी करून घ्या. दोन्ही रिपोर्टच्या तारखा आणि मुरुमांची गोळी सुरू केल्याची तारीख एका कागदावर एकाखाली एक लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, आणि घरच्यांनाही.