सेंट आइव्हज : आधी पर्यटक की आधी चित्रकार?

प्रश्न : इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील सेंट आइव्हज हे गाव समुद्रकाठी सुट्टी घालवण्याचे ठिकाण म्हणून जितके प्रसिद्ध आहे, तितकेच चित्रकारांची वसाहत म्हणूनही. यांतले आधी काय झाले? चित्रकारांमुळे पर्यटक येऊ लागले, की पर्यटकांमागून चित्रकार आले?

उत्तर : दोघेही जवळपास एकाच काळात आणि एकाच मार्गाने आले. तो मार्ग रेल्वेचा होता. मात्र त्यांच्यासाठी गावात जागा कशी झाली, हे समजण्यासाठी आधी मासळीकडे पाहावे लागते.

सेंट आइव्हज जगत होते ते प्रामुख्याने पिलचर्ड या तारलीच्या कुळातल्या मासळीवर. उन्हाळा सरताना तिचे थवे किनाऱ्याजवळ येत. उंचावर बसलेला टेहळ्या पाण्याचा बदललेला रंग पाहून हाळी देई, होड्या निघत आणि अख्खा थवा जाळ्याने वेढला जाई. घरांच्या तळघरांत बायका ती मासळी खारवत, मग ती पिंपांत दाबून भरली जाई आणि इटलीपर्यंत विकायला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे थवे बेभरवशाचे झाले, धंदा हळूहळू खालावला आणि जाळी ठेवण्याचे व शिडे शिवण्याचे प्रशस्त माळे रिकामे पडू लागले.

नेमक्या याच सुमारास, 1877 मध्ये, सेंट अर्थहून गावापर्यंत रेल्वेचा फाटा आला. लगेच 1878 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने ट्रेगेना कॅसल हा वाडा भाड्याने घेऊन तेथे हॉटेल सुरू केले; म्हणजे सुट्टीचे गाव घडवण्यात रेल्वे कंपनीचा हात पहिल्यापासून होता. चित्रकार टर्नर 1811 मध्येच येथे रेखाटने करून गेला होता, पण तो वाटसरू होता. मुक्कामाला येणारे आले ते रेल्वेनंतर. व्हिसलर आणि त्याचा शिष्य सिकर्ट 1884 च्या आरंभी आले. स्वीडनचा अँडर्स झॉर्न 1887-88 च्या हिवाळ्यात येथे राहिला आणि येथेच जलरंगांकडून तैलरंगांकडे वळला. फिनलंडच्या हेलेन श्येर्फबेक हिने आजारातून उठणाऱ्या मुलीचे तिचे गाजलेले चित्र 1888 मध्ये याच गावात रंगवले. 1890 मध्ये कलावंतांचा क्लबही स्थापन झाला.

हे सारे येथील स्वच्छ प्रकाशासाठी आले, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण माझ्या मते पुरेसे नाही, कारण चांगला प्रकाश कॉर्नवॉलच्या इतर अनेक किनाऱ्यांवरही आहे. येथे त्या प्रकाशाला छप्पर मिळाले. पोर्थमिअर किनाऱ्यावरचे मासेमारीचे माळे उत्तरेकडच्या समुद्राकडे तोंड करून आहेत. त्यांना मोठ्या खिडक्या बसवल्या की दिवसभर फारसा न बदलणारा, चित्रकाराला हवा असलेला उजेड आत येतो. भाडेही बेताचे होते. आजही त्या इमारतीत वर चित्रकार आणि खाली तळघरांत कोळ्यांची जाळी असा शेजार टिकून आहे.

1920 मध्ये ब्रिटिश कुंभारकलावंत बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हामादा यांनी येथे कार्यशाळा काढून जपानी पद्धतीची, उतारावर पायरीपायरीने चढत जाणारी भट्टी बांधली. मला मात्र या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रसंग 1928 चा वाटतो. बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन तरुण चित्रकार गल्लीतून जात असताना एका उघड्या दारातून त्यांना भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली जहाजांची चित्रे दिसली. ती आल्फ्रेड वॉलिस या म्हाताऱ्या दर्यावर्दीची होती. बायको गेल्यावर, सत्तरीच्या आसपास, त्याने रंगवायला सुरुवात केली होती, तीही पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर, होड्यांना लावायच्या रंगाने. बंदराचा नकाशा वरून पाहिल्यासारखा, जहाज मात्र बाजूने, आणि त्याला जे महत्त्वाचे वाटे ते आकाराने मोठे. निकल्सनच्या पुढच्या कामावर त्याचा खोल ठसा उमटला. त्याच वॉलिसचा शेवट 1942 मध्ये मॅड्रनच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात झाला, आणि ही गोष्ट वसाहतीचा गौरव सांगताना गाळली जाऊ नये. त्याच्या थडग्यावरच्या फरशा लीच यांनी घडवल्या.

1939 मध्ये युद्ध तोंडावर असताना निकल्सन आणि त्यांची शिल्पकार पत्नी बार्बरा हेपवर्थ तिळ्या मुलांसह शेजारच्या कार्बिस बे येथे आले. पाठोपाठ रशियात जन्मलेला शिल्पकार नाउम गाबोही आला. त्यानंतर गावाची कला बदलली. बंदराची देखणी दृश्ये मागे पडली आणि खाडीचा वाक, लाटेची गती हेच विषय झाले. हेपवर्थ यांचे 1946 चे ‘पेलागोस’ हे तारा ताणलेले लाकडी शिल्प खिडकीतून दिसणाऱ्या खाडीतूनच सुचले. 1949 मध्ये नवकलावंतांनी पेनविथ सोसायटी स्थापन केली. पीटर लॅनियनसारखा याच गावात जन्मलेला चित्रकार त्यांच्यात होता.

पुढे 1993 मध्ये गॅस कारखान्याच्या जुन्या जागेवर लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाची शाखा उघडली, आणि तेव्हापासून चित्रे पाहायला येणारा आणि वाळूवर पहुडायला येणारा पर्यटक बहुधा एकच असतो. त्याचा भार घरांवर पडला. कोळ्यांची वस्ती असलेल्या डाउनअलाँग भागातली छोटी घरे सुट्टीपुरत्या भाड्यासाठी किंवा दुसरे घर म्हणून विकली गेली, आणि ज्या स्वस्त जागांमुळे कलावंत आले होते त्या स्थानिकांनाही परवडेनाशा झाल्या. मे 2016 मधील सार्वमतात सुमारे 83 टक्के मतदारांनी अशा आराखड्याला कौल दिला, ज्यानुसार नवे घर कायम राहणाऱ्यांसाठीच बांधता येते. न्यायालयातही तो टिकला. मात्र ही अट केवळ नव्या बांधकामाला लागू आहे; जुन्या गल्ल्यांतली घरे तिच्या कक्षेबाहेर राहिली आहेत.