नोकरी, मुले आणि नर्सिंगचे वर्ग: आधी क्लिनिकलचे दिवस मांडा

तुम्ही विचारले आहे की पूर्णवेळ नोकरी, सात आणि तीन वर्षांची दोन मुले आणि पुढच्या सत्रापासून सुरू होणारा नर्सिंगचा अभ्यासक्रम हे सगळे एकत्र निभावते का, आणि निभावत असेल तर नोकरीचे तास किती कमी करावे लागतील. मी स्वतः नोकरी करत आणि एक लहान मूल सांभाळत हे शिक्षण पूर्ण केले आहे, आणि आता वॉर्डात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना रोज जवळून पाहते. माझे मत स्पष्ट आहे: निभावते, पण पूर्णवेळ नोकरीसह नाही. ज्यांचे गणित फसते त्यांचे ते वर्गातल्या तासांमुळे क्वचितच फसते. क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकण्याच्या, दिवसाला खरोखर किती वेळ लागतो याचा अंदाज चुकल्यामुळे फसते.

वेळापत्रकावर ‘क्लिनिकल, सकाळी 7 ते 1’ असे लिहिलेले असते आणि आपण ते सहा तास म्हणून मोजतो. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी गणवेश, घड्याळ आणि लॉगबुक काढून ठेवायचे असते, मिळालेल्या रुग्णाच्या आजाराविषयी आणि त्याच्या औषधांविषयी वाचायचे असते. सकाळी रात्रपाळीच्या हँडओव्हरच्या (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवण्याच्या) आधी पोहोचायचे असते, म्हणजे घर उठण्यापूर्वी आपण घराबाहेर. परत आल्यावर केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहायला दोन-तीन तास सहज जातात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तर त्याहूनही जास्त. कागदावरचे सहा तास अशा रीतीने बारा होतात. शिवाय बुडालेल्या व्याख्यानाची टिपणे मैत्रिणीकडून मिळतात, वॉर्डातले बुडालेले तास मात्र कोणाकडून उसने घेता येत नाहीत. ते भरून द्यावेच लागतात, आणि बहुधा सुट्टीत. याचे कारण असे की नर्स म्हणून पात्र ठरताना प्रत्यक्ष अनुभवाचे तासही मोजले जातात. उदाहरणादाखल, युरोपीय संघाच्या 2005 च्या निर्देशानुसार सामान्य परिचर्येच्या शिक्षणाला किमान 4600 तास लागतात आणि त्यांपैकी निदान निम्मे क्लिनिकल असावे लागतात. तुमच्याकडचे आकडे संस्थेकडून माहीत करून घ्या.

म्हणून वेळापत्रक उलट्या क्रमाने मांडा. बहुतेक जण आधी नोकरीचे तास लिहितात आणि उरलेल्या जागेत शिक्षण कोंबतात. त्याऐवजी आठवड्याचे सात रकाने आखून पहिल्यांदा क्लिनिकलचे दिवस भरावेत, त्यांच्या आदल्या संध्याकाळी कोणतेही काम घ्यायचे नाही म्हणून त्या बंद कराव्यात, मग झोप, मग वर्ग, आणि शेवटी जी मोकळी जागा दिसेल तेवढीच नोकरी. माझ्या अनुभवात आठवड्याला वीस तासांच्या पलीकडे नोकरी गेली की आधी झोप आणि मग गुण घसरतात, आणि सलग पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकीच्या, आठवड्यांत वीसही जड जातात. प्रवेश घेतानाच संस्थेला विचारा की पोस्टिंगचा रोस्टर किती दिवस आधी लागतो, दुपारपाळी, रात्रपाळी किंवा रविवार त्यात येतो का, आणि नेमून दिलेले रुग्णालय दर सत्राला बदलते का. ही उत्तरे हातात आल्यावरच वरिष्ठांशी बोला आणि ठरावीक वार मागा. ‘मी कसेही जुळवून घेईन’ असे मात्र चुकूनही म्हणू नका, कारण ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहते.

रात्रीचे काम करून थेट सकाळच्या वॉर्डात जाणे हा एक प्रकार मी कोणालाही करू देणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिले की सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हातडोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत, रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. मला हे वाचून नव्हे, स्वतः चूक करून कळले. दुसऱ्या वर्षी रात्रभर काम करून मी वॉर्डात गेले. 500 मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे होते आणि सलाइनच्या नळीचा सेट मिलिलिटरला 15 थेंबांचा होता. 500 गुणिले 15 भागिले 240 (चार तासांची मिनिटे), म्हणजे मिनिटाला साधारण 31 थेंब, इतके सरळ गणित आहे. मी 500 ला 4 ने भागून 125 लिहिले आणि तेच मिनिटाचे थेंब समजून नळीवरचा, थेंबांची गती ठरवणारा रोलर सैल करायला हात पुढे केला. 125 हे तासाचे मिलिलिटर होते. त्या गतीने चार तासांचे सलाइन तासाभरात संपले असते, आणि रुग्ण हृदयविकाराचा होता. इन्चार्ज सिस्टरने माझा कागद पाहिला म्हणून ते टळले. त्या आठवड्यात मी रात्रीचे काम सोडले. पैशांची ओढाताण झाली, पण त्याबद्दल आजही पश्चात्ताप नाही.

आता घर. घरच्यांकडे ‘मदत’ मागू नका, आख्खे काम सोपवा. मदत मागितली की कामाची आठवण ठेवण्याची जबाबदारी आपल्याच डोक्यात राहते, आणि वॉर्डात उभे असताना मुलाच्या वहीवर सही झाली का हा विचार नेमका तिथेच येतो. सकाळी मुलाला शाळेत सोडणे जोडीदाराकडे दिले असेल तर दप्तर, सूचनावही, बदललेली वेळ आणि हरवलेला मोजा हे सगळे त्याच्याकडे गेले पाहिजे, आणि त्याने ते आपल्या पद्धतीने केले तर आपण मागून दुरुस्त्या करायच्या नाहीत. हे मला अभ्यासापेक्षा अवघड गेले. दुसरे, क्लिनिकलच्या दिवशी मुलाला ताप आला तर शाळेचा पहिला फोन कोणाला आणि त्याने न उचलल्यास दुसरा कोणाला, हे लेखी ठरवून शाळेकडे द्या, कारण तुमचा फोन लॉकरमध्ये असेल. आणि मुलांच्या जुलाब-उलट्या तुमच्याकडे आल्या, तर हजेरीचा मोह सोडून आधी शिक्षिकेला कळवा. तसे वॉर्डात जाणे रुग्णांच्या जिवाशी खेळ आहे.

सात वर्षांच्या मुलाला अभ्यासात ओढता येते. माझा मुलगा माझा पहिला रुग्ण होता: बँडेज बांधून घ्यायचा, नाडी मोजून घ्यायचा, आणि आपली नाडी आईपेक्षा जलद का, हे विचारून मला शरीरक्रियाशास्त्राची उजळणी करायला लावायचा. (रक्तदाब मात्र त्याच्यावर शिकू नका, मोठ्यांचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) लहान दंडावर बांधला की आकडा खोटा कमी येतो.) तीन वर्षांच्या मुलाला वेळापत्रक समजत नाही, रोजची ठरलेली वेळ समजते. झोपण्यापूर्वीचा अर्धा तास त्याचा ठेवा आणि परीक्षेच्या आठवड्यातही तो मोडू नका.

अभ्यासासाठी सलग चार तास मिळतील ही आशा सोडून द्या. औषधशास्त्र वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत उत्तम होते. एका कार्डाच्या पुढच्या बाजूला औषधाचे नाव, मागच्या बाजूला गट, काम, दुष्परिणाम आणि देण्यापूर्वी काय पाहायचे ते लिहा. जसे डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या कार्डामागे ‘पूर्ण एक मिनिट छातीवर ठोके मोजा, प्रौढ रुग्णात 60 पेक्षा कमी असल्यास देऊ नका, कळवा’. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर मनाशी म्हणायचे, हा त्यातला खरा भाग आहे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला आठवायला लावणाऱ्यांना तो आठवडाभरानंतर जास्त आठवला होता. रंगीत पेनांनी टिपणे सुवाच्य करून लिहिण्यात माझे पहिले सत्र गेले, त्याचा उपयोग शून्य. शरीररचनाशास्त्राला मात्र आकृत्यांसह सलग बसावे लागते. क्लिनिकल नसलेल्या दिवसाची एक सकाळ त्याला द्या. मात्रांची गणिते रोज दोनच सोडवा, पण रोज.

एखाद्या विषयात मागे पडत आहात असे वाटले, तर निकालाची वाट न पाहता चौथ्या-पाचव्या आठवड्यातच शिक्षिकेकडे जा. विषय दोन सत्रांत विभागून घेण्याची सोय तुमच्या संस्थेत असेल, तर ती लवकर विचारणाऱ्यालाच मिळते.

आणि सत्र सुरू होण्याआधी पूर्ण एका आठवड्याची रंगीत तालीम करा: क्लिनिकलच्या दिवशी उठाल त्याच वेळी उठा, मुलांना खरोखरच ठरलेल्या माणसाकडे सोपवा, रुग्णालयापर्यंत जाऊन या आणि संध्याकाळी तीन तास टेबलाशी बसा. आमच्या तालमीत पहिल्याच सकाळी उघड झाले की पाळणाघराचे दार आणि वॉर्डातला हँडओव्हर अगदी एकाच वेळी सुरू होत होते.